सातारा हिल हाफ मॅरेथॉन

सातारा हिल हाफ मॅरेथॉन ही महाराष्ट्रातील सातारा शहरात दरवर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धात होणारी २१.१ किलोमीटर अंतराची डोंगरी धावस्पर्धा आहे. २०१२ साली सुरू झालेल्या या स्पर्धेचे आयोजन सातारा रनर्स फाउंडेशन ही संस्था करते. २०१५ साली २,६१८ धावपटूंच्या सहभागामुळे एकाच डोंगरावरील सर्वाधिक सहभागाची धाव म्हणून तिची नोंद गिनीज बुकात झाली.

स्पर्धकांत नोकरी, व्यवसाय किंवा शिक्षण सांभाळून धावणाऱ्या हौशी मंडळींचा भरणा असतो. हौशी स्पर्धकांच्या अशा सामुदायिक शर्यतींची परंपरा जगात जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेतील सुमारे ९० किलोमीटरची कॉम्रेड्स मॅरेथॉन १९२१ पासून, तर स्वीडनमधील बर्फावरून स्कीने पार करायची ९० किलोमीटरची वासालोपेट १९२२ पासून होते. या शर्यतींत बहुसंख्यांची चुरस विजेत्याशी नसून वेळमर्यादेशी असते. साताऱ्यातही चित्र वेगळे नाही.

मार्ग

मार्ग शहरातून निघून यवतेश्वर घाट चढतो, कासच्या दिशेने काही अंतर जातो आणि त्याच रस्त्याने परततो. कास पठार मात्र बरेच पुढे असल्याने स्पर्धकांना ते दिसत नाही. पूर्वार्धात मुख्यतः चढ आणि उत्तरार्धात उतार अशी रचना असल्याने दुसरा टप्पा सोपा वाटतो. प्रत्यक्षात अनेकांचे गणित तेथेच चुकते.

तयारी

सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीवर हवेच्या विरळपणाचा परिणाम नगण्य असतो. कस लागतो तो रस्त्याच्या कलामुळे. चढावर वेग कमी करून श्वासाची लय राखणे, छोटी पावले टाकणे आणि गरज पडल्यास काही अंतर चालणे हिताचे ठरते. उतारावर मांडीच्या पुढील बाजूचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावून शरीराचा वेग रोखतात. त्यामुळे स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा होते आणि पुढील एक-दोन दिवस जिना उतरणेही कठीण जाते. उतारावर काही वेळा सराव केल्यास हेच स्नायू पुढील वेळी कमी दुखावतात. म्हणून केवळ चढाचा सराव अपुरा पडतो.

साधारणपणे आठवड्यातून एक लांब धाव, एक चढ-उताराचा सराव, उरलेले दिवस संथ धावणे व विश्रांती असा आराखडा पाळला जातो. स्पर्धेपूर्वीच्या दोन आठवड्यांत अंतर टप्प्याटप्प्याने घटवतात. नवे बूट किंवा नवा आहार ऐन स्पर्धेच्या दिवशी वापरून पाहू नये, हा नियम अनुभवी धावपटू कटाक्षाने पाळतात.

किनारपट्टीवरील धावपटू

रत्नागिरीसारख्या ठिकाणी राहणाऱ्या धावपटूला घाट घराजवळ नसतो. कोल्हापूरकडे जाणारा आंबा घाट आहे, परंतु अवजड वाहतुकीमुळे तो सरावास सुरक्षित नाही. भाट्ये किनाऱ्याची ओली वाळू दमसास वाढवते, पण ती सपाट आहे. त्यापेक्षा किनाऱ्यावरून जांभ्याच्या सड्यावर चढणारा एखादा कमी रहदारीचा रस्ता पुन्हा पुन्हा चढणे-उतरणे अधिक उपयोगी ठरते. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही व शरीर तापते; त्यामुळे येथे घड्याळातील वेग साताऱ्यातल्यापेक्षा मंद दिसला तरी श्रम तितकेच झालेले असतात.

वैद्यकीय दक्षता

२०२२ च्या स्पर्धेत एका तरुण धावपटूचा मृत्यू झाला. छातीत दुखणे, भोवळ किंवा अनपेक्षित धाप जाणवल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय पथकाची मदत घेणे आवश्यक असते. पूर्वी हृदयविकार, उच्च रक्तदाब वा मधुमेह आढळलेल्यांनी, तसेच कुटुंबात अकाली हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी सराव सुरू करण्यापूर्वीच तपासणी करून घ्यावी. तापातून नुकतेच उठलेल्यांनी धावणे टाळावे. पाण्याबाबत उलटा धोकाही आहे. तहान नसताना प्रत्येक टेबलावर पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरून मळमळ, गोंधळलेपणा आणि क्वचित झटकेही येऊ शकतात.