महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती

मुंबईत १९७२ मध्ये स्थापन झालेली विविध पक्षांतील स्त्रियांची संयुक्त आघाडी. दुष्काळ, टंचाई व भाववाढीविरुद्ध समाजवादी मृणाल गोरे, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर आदी कार्यकर्त्या पक्षभेद बाजूला ठेवून एकत्र आल्या. धान्य, साखर, तेल, रॉकेल रास्त भावात मिळावे, ही प्रमुख मागणी. लाटणी उगारत, थाळ्या बडवत निघालेल्या मोर्चांनी चाळी-वस्त्यांतील गृहिणींना रस्त्यावर आणले व घरखर्चाचा प्रश्न राजकारणाच्या ऐरणीवर आणला. आणीबाणीत गोरे व रांगणेकर दोघींनाही तुरुंगवास घडला. १९७७ मध्ये गोरे मुंबई उत्तर, तर रांगणेकर मुंबई उत्तर-मध्य मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आल्या. १९८० मध्ये समितीतीलच कार्यकर्त्या प्रमिला दंडवतेही खासदार झाल्या. वस्तीपातळीवरील संघटनातून स्त्रियांची संसदीय कारकीर्द घडल्याचे हे ठळक उदाहरण होय.