चितपट आणि गुण



बिडी कामगारांच्या संघटनेत उभे आयुष्य घालविलेला माणूस मुष्टियुद्धाच्या इतिहासावर बोलायला उभा राहतो, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. शाळेने आम्हाला लवकर सोडले आणि आम्ही पुस्तकांना उशिरा धरले. त्यामुळे आमच्या वाचनाला शिस्त नाही, हे प्रथमच कबूल करतो. तथापि हा विषय आम्हाला पुस्तकात भेटला नाही. तो गोंदियाच्या स्टेशनाबाहेर एका चहाच्या टपरीवर भेटला.

डिसेंबर 2019 मधली गोष्ट. रविवारची सकाळ होती. चार-पाच तरुण उत्तररात्रीपर्यंत जागून मोबाइलवर एक लढत पाहून आले होते आणि डोळे चोळीत भांडत होते. अँथनी जोशुआ हा इंग्लंडचा जडवजनी मुष्टियोद्धा. त्याच वर्षी 1 जूनला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अँडी रुईझ नावाच्या, ऐनवेळी बदली म्हणून आलेल्या, गोलमटोल देहाच्या माणसाने त्याला चार वेळा खाली पाडले आणि सातव्या फेरीत पंचांनी लढत थांबविली. फेरलढत 7 डिसेंबरला सौदी अरबस्तानात रियाधजवळच्या दिरिया येथे झाली. जोशुआ सुमारे 10 पौंड वजन उतरवून आला, रुईझ सुमारे 15 पौंड वाढवून आला. जोशुआने बारा फेऱ्या डावा हात लांब ठेवून सरळ ठोसे मारले आणि रुईझ जवळ येताच पाय काढता घेतला. दोघांपैकी कोणीही खाली पडले नाही. तीन पंचांपैकी दोघांनी 118–110 आणि तिसऱ्याने 119–109 असे गुण दिले. फेरी जिंकणाऱ्यास दहा आणि हरणाऱ्यास बहुधा नऊ, असा हा हिशेब असतो. म्हणजे दोघांच्या मते जोशुआने बारांपैकी दहा फेऱ्या जिंकल्या, तिसऱ्याच्या मते अकरा.

निकालाबद्दल वाद नव्हताच. वाद होता तो जिंकण्याच्या रीतीबद्दल. एक तरुण म्हणत होता, "पळून पळून जिंकला, याला काय पहिलवान म्हणायचं?" दुसरा म्हणत होता, "मागल्या वेळी अंगावर गेला तेव्हा काय झालं, ते विसरला का तू?" आमचा चहा थंड झाला. कारण नेमका हाच वाद आमच्या संघटनेच्या सभेत, आमच्याच डोक्यावर, काही वर्षांमागे फुटला होता. त्याकडे आम्ही शेवटी येऊ.

प्रथम हे सांगितले पाहिजे की हा वाद जोशुआपासून सुरू झालेला नाही. 1892 मध्ये न्यू ऑर्लीन्स शहरात जेम्स कॉर्बेट याने जॉन सुलिव्हन या दांडगट विजेत्याला एकवीस फेऱ्या झुलवीत नेऊन पाडले. लोकांनी त्याला बुद्धिमान ठरविले आणि मुष्टियुद्ध हे आता शास्त्र झाले, असे म्हटले. पुढे जॅक जॉन्सन हा कृष्णवर्णीय योद्धा अशाच सावध रीतीने लढू लागला. प्रतिस्पर्ध्याला येऊ द्यावे, त्याचे हात अडवावेत, त्याला थकवावे आणि मग मारावे, ही त्याची पद्धत. 26 डिसेंबर 1908 रोजी सिडनी येथे त्याने जगज्जेतेपद मिळविले. परंतु कॉर्बेटच्या अंगी जी बुद्धी ठरली, तीच जॉन्सनच्या अंगी भित्रेपणा ठरविणारे गोरे लेखक पुष्कळ निघाले. लढण्याची रीत तीच, पण माणसाच्या कातडीचा रंग बदलताच तिचे नाव बदलले! तेव्हा कोणी कोणाला भित्रा म्हटले म्हणजे म्हणणारा कोण आहे हेही पाहावे, हा आमचा पहिला धडा.

दुसरे उदाहरण जीन टनी आणि जॅक डेम्प्सी यांचे. डेम्प्सी तरुणपणी खाणीत राबलेला आणि मालगाड्यांतून भटकलेला. टनी न्यूयॉर्कच्या एका गोदी कामगाराचा मुलगा. डेम्प्सी वादळासारखा अंगावर जाई, तर टनी मागे सरत मोजून मारी. फावल्या वेळात तो शेक्सपिअर वाची, याचाही काही लोकांना राग होता. 1926 साली फिलाडेल्फियात लाखावर प्रेक्षकांसमोर टनीने त्याला गुणांवर हरविले. 22 सप्टेंबर 1927 रोजी शिकागोत फेरलढत झाली. सातव्या फेरीत डेम्प्सीने टनीला खाली पाडले. पाडणाऱ्याने दूरच्या कोपऱ्यात गेल्यावाचून पंचाने मोजणी सुरू करावयाची नाही, असा नियम होता. डेम्प्सी जोशात तेथेच उभा राहिला. त्यामुळे टनीला सुमारे चौदा सेकंद मिळाले. पंचाने नऊ म्हणताच तो उठला आणि उरलेली फेरी त्याने मागे मागे सरत काढली. आठव्या फेरीत त्यानेच डेम्प्सीला टेकविले आणि अखेर लढत जिंकली. लोकांचे प्रेम मात्र हरलेल्या डेम्प्सीकडे गेले. उठल्याबरोबर मर्दासारखा भिडला असता तर टनी लोकांच्या गळ्यातला ताईत झाला असता, हे खरे. पण कदाचित तो विजेता राहिला नसता, हेही तितकेच खरे.

आपल्याकडे या खेळाची जागा कुस्तीने घेतली आहे. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते, रात्री नाटक होते, कोठे दंगल होते, आणि आखाड्याभोवती बसलेल्या म्हाताऱ्याला गुण म्हणजे काय ते ठाऊक नसते. पाठ लागली की कुस्ती झाली. मातीतल्या कुस्तीचा कायदा एका शब्दाचा आहे, आणि तो शब्द म्हणजे चितपट. त्यामुळे 'बरोबरीत सोडविली' हे ऐकले की गर्दी हिरमुसते.

या कायद्यापुढे सावध माणूस कसा टिकतो, याचे प्रसिद्ध उदाहरण गामा पहिलवानाचे. 10 सप्टेंबर 1910 रोजी लंडन येथे गामाची कुस्ती पोलंडच्या स्टॅनिस्लाव झ्बिस्कोशी झाली. झ्बिस्को वजनाने भारी, पण गामाची चपळाई ओळखताच तो पोटावर गादीला चिकटून राहिला. अडीच तासांहून अधिक वेळ गामा त्याला उलटवू पाहत होता. अखेर कुस्ती बरोबरीत सुटली. आठ दिवसांनी पुन्हा भिडायचे ठरले, त्या दिवशी झ्बिस्को आलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला. फेरलढतीला 1928 साल उजाडले. पतियाळा येथे तो गामासमोर उभा राहिला आणि एका मिनिटाच्या आत चीत झाला. येथे सावधपणाने त्याला एक दिवस वाचविले, पण जिंकून दिले नाही. आमच्या मते सावधपणाच्या दोन जाती येथे स्पष्ट दिसतात. झ्बिस्कोने हरू नये एवढ्यासाठी अंग चोरले. टनी मागे सरत होता तेव्हाही त्याचा हात चालू होता. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून प्रेक्षक फसतो.

आपल्या महाराष्ट्रात माती आणि गादी यांचा हा झगडा अजून मिटलेला नाही. 1912 साली शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरास खासबागेचे मैदान उभे राहिले, ते मातीच्या कुस्तीसाठी. गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच परंपरेतले. 1948 साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. तेथे गादी होती, वेळ बांधलेली होती, गुण मोजले जात होते. त्यांचा सहावा क्रमांक आला. त्यांनी घरी परतून नियमाला शिव्या दिल्या नाहीत. तो नियम ते शिकले. 1952 साली पैशाची अडचण आली तेव्हा त्यांच्या महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. त्या वर्षी हेलसिंकीत खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. चार वर्षांची ही फेरलढत एका माणसाशी नव्हती, ती एका अनोळखी नियमाशी होती.

1961 पासून चालत आलेल्या महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत आज माती आणि गादी असे दोन गट असतात आणि त्यांचे विजेते अखेर गदेसाठी भिडतात. जानेवारी 2023 मध्ये पुण्यास सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत एका डावाला पंचांनी चार गुण दिले. त्यावरून उभा महाराष्ट्र आठवडाभर भांडला. डाव पुरा बसला की नाही, याचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण चितपटीच्या सवयीने वाढलेल्या समाजाला गुणांचा न्याय अजून पचलेला नाही, एवढे त्या भांडणातून दिसले.

गंमत अशी की हाच समाज गनिमी काव्याचे पोवाडे ऐकत वाढलेला आहे. 1728 साली पालखेड येथे पहिल्या बाजीरावाने निजामाला कोंडला, तो समोरासमोर मोठे रण देऊन नव्हे. त्याने त्याला तोफखान्यापासून लांब ओढत नेले, रसद तोडली, पाणी तोडले. निजामाने मुंगी-शेवगावला तह केला. बाजीराव पळत होता असे कोणी म्हणत नाही! मग आखाड्यातल्या पोराला आपण वेगळे माप का लावतो?

याचे उत्तर आम्हाला असे वाटते की प्रेक्षक तिकिटाचे पैसे देतो आणि लढणारा शरीर देतो. मुष्टियोद्धा हा अखेर मजूरच आहे. त्याचे डोके हे त्याचे भांडवल आणि तेच त्याचे हत्यार. 1928 साली हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन डॉक्टराने अशा योद्ध्यांच्या मेंदूला वारंवारच्या ठोशांनी होणाऱ्या इजेचे वर्णन लिहून ठेवले. 1982 मध्ये डुक-कू किम हा कोरियन तरुण चौदाव्या फेरीत कोसळला आणि पुढे मरण पावला. त्यानंतर जगज्जेतेपदाच्या पंधरा फेऱ्यांच्या बारा झाल्या. कारखान्यात बारा तासांचे आठ तास कसे झाले हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या तीन फेऱ्यांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

मुहम्मद अलींचेच पाहा. फेब्रुवारी 1978 मध्ये लिऑन स्पिंक्स या नवख्याने त्यांना हरविले. 15 सप्टेंबरला फेरलढतीत छत्तीस वर्षांचे अली ठोसा मारीत, लगेच मिठी मारीत आणि पुन्हा दूर सरत पंधरा फेऱ्या खेळले आणि तिसऱ्यांदा जगज्जेते झाले. लढत नीरस झाली, असे अनेक जाणकारांनी म्हटले. पण अली तेथे थांबले नाहीत. 1980 साली लॅरी होम्सपुढे ते पुन्हा उभे राहिले आणि दहा फेऱ्या नुसता मार खात राहिले. 1984 मध्ये त्यांच्या कंपवाताचे निदान झाले. त्या दोन लढतींपैकी कोणती अधिक पाहण्याजोगी होती, असे आज त्यांच्या चाहत्याला विचारून पाहावे.

तथापि सावधपणा हा सर्व रोगांवरचा काढा आहे, असे आम्ही म्हणत नाही. त्याच जोशुआने सप्टेंबर 2021 मध्ये ओलेक्सांद्र उसिक या युक्रेनच्या चतुर योद्ध्याशी लांबूनच बुद्धीचा खेळ केला आणि तो गुणांवर हरला. ज्या रीतीने रुईझ हरला, ती रीत उसिकची मातृभाषा होती. रुईझ जवळ आला तर धोका होता, उसिक लांब राहिला तर धोका होता. समोरचा कोण आहे हे न पाहता घेतलेला पवित्रा, मग तो धाडसाचा असो की सावधपणाचा, अखेर आंधळाच.

आता आमच्या सभेची गोष्ट. काही वर्षांमागे हजार बिड्यांमागच्या मजुरीसाठी आणि छाट म्हणून फेकल्या जाणाऱ्या मालासाठी आम्ही संप पुकारला. मिरवणुका निघाल्या, घोषणांनी गाव दणाणले. तेविसाव्या दिवशी संप मोडला. मालकाकडे पाने होती, तंबाखू होता, वेळ होता. आमच्या घरी पीठ नव्हते. तो पराभव आमच्या उतावळेपणाचा होता, आणि तो आम्ही कोणावरही ढकलीत नाही. दोन वर्षांनी आम्ही पुन्हा उभे राहिलो. या वेळी संप एक दिवसाचा, तोही हंगामाच्या ऐन घाईत. बाकी सारे काम नोंदवह्या तपासण्याचे, अर्ज लिहिण्याचे, तारखा घेण्याचे. आठ महिने गेले. मजुरी मागितली होती त्याच्या निम्म्याने वाढली, आणि छाट कामगारासमोर मोजायची हे कबूल झाले.

सभेत टाळ्या पडल्या नाहीत. एक तरुण कार्यकर्ता उठून म्हणाला, "भाऊ, ही लढाई नाही, ही कारकुनी आहे. निम्म्यावर सही करून आलात." आम्ही उत्तर जुळवीत होतो, इतक्यात मागच्या रांगेतून एक म्हातारी बिडी वळणारी बाई बसल्या बसल्या म्हणाली, "अरे बाबू, मागच्या संपात लय मजा आली, पण माही चूल इझली होती. या टायमाला मजा नाही आली, पण चूल पेटून रायली."

तो तरुण खाली बसला, पण त्याचे समाधान झाले नाही. त्याचे म्हणणेही अगदीच खोटे नव्हते. निम्मी मजुरी अजून बाकी होती, आणि कारकुनीची सवय लागली की लढण्याची सवय जाते ही भीती आम्हालाही वाटते. म्हणून त्याच सभेत उरलेल्या निम्म्यासाठी पुढचा अर्ज लिहिण्याचे काम त्याच्याकडेच दिले. तो लिहितो झाला आणि आज आमच्याहून चांगला अर्ज लिहितो.

टपरीवरच्या त्या पोरांना आम्ही त्या दिवशी काहीच सांगितले नाही. चहाचे पैसे दिले आणि निघालो. सांगायचे असते ते एवढेच: जिंकणारा कसा जिंकला हे जरूर विचारावे, पण तो मागे सरत होता तेव्हा त्याचा हात चालू होता की थांबला होता, हे आधी पाहावे. आणि आपण आखाड्याच्या कोणत्या बाजूला बसून बोलतो आहोत, याचे भान ठेवावे.