आपत्कालीन योजना आणि संघटित सेवकवर्ग : मुंबईच्या प्लेग-रुग्णालयापासून वऱ्हाडातील गावापर्यंत

१

साथ, आग किंवा पूर यांच्या इतिहासाची साधने बहुधा योजना करणाऱ्यांच्या हातची असतात. अधिसूचना, अहवाल, समित्यांची इतिवृत्ते यांवरून कोणी काय ठरविले हे स्पष्ट कळते. परंतु रुग्णाला खाटेवरून कोणी उचलले, विष्ठेच्या पाट्या कोणी वाहिल्या, रात्रपाळीस कोण जागे होते, या प्रश्नांची उत्तरे त्याच कागदांत ओझरत्या उल्लेखांतून शोधावी लागतात. ज्या संस्थांत रुग्ण, वृद्ध, अनाथ किंवा विद्यार्थी रात्रंदिवस राहतात, तेथे संकटाची पहिली घटका सेवकवर्गाच्या हाती असते. अशा सेवकांना संकटाच्या आखणीत स्थान होते काय, आणि नसल्यास त्याचे परिणाम कोणते झाले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. महाराष्ट्रापुरते पाहता या प्रश्नाचा आरंभ १८९६ च्या प्लेगपासून धरणे सोयीचे आहे.

२

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. म्युनिसिपल कमिशनर पी. सी. एच. स्नो यांनी ६ ऑक्टोबर रोजी अधिसूचना काढून रोग्यांना सक्तीने रुग्णालयात नेण्याचा अधिकार आपल्या खात्याकडे घेतला. योजना कागदावर निर्दोष होती. रोगी वेगळा करावा, घर धुवून काढावे, गटारे निर्जंतुक करावीत, असा तिचा क्रम होता. मात्र ज्या आर्थर रोड रुग्णालयावर ती उभारली होती, त्याविषयी नगरवासीयांच्या मनात कमालीची धास्ती होती. तेथे गेलेला माणूस परत येत नाही, अशी वदंता पसरली. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांच्या जमावाने त्या रुग्णालयावर हल्ला केला. पुढे कस्तुरबा रुग्णालय या नावाने ओळखले जाऊ लागलेले रुग्णालय ते हेच.

दुसऱ्याच दिवशी, ३० ऑक्टोबर रोजी, स्नो यांनी सक्ती शिथिल केली. या माघारीचे कारण केवळ जमावाची भीती हे नव्हते. शहराची शौचकूपे साफ करणारे हलालखोर आणि रस्ते झाडणारे सफाई कामगार शहर सोडून जातील, ही शंका स्नो यांना अधिक छळत होती. हे कामगार बहुतांशी अस्पृश्य मानलेल्या जातींचे असून त्यांतील पुष्कळ गुजरात-काठेवाडातून आलेले होते. इतर रहिवासी पळत असताना तेही गेले असते, तर काही दिवसांतच मुंबई राहण्यास अयोग्य झाली असती. प्लेग-निवारणाचा सारा डोलारा त्यांच्या पाट्यांवर आणि झाडूंवर उभा आहे, ही जाणीव अधिकाऱ्यांस त्या आठवड्यांत झाली.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. या वर्गाचे महत्त्व सरकारास आधी ठाऊक नव्हते असे नाही. १८९० सालच्या मुंबई इलाख्यातील कायद्याने विवक्षित म्युनिसिपल सेवकांनी पूर्वसूचनेवाचून काम सोडणे हा अपराध ठरविला होता. म्हणजे सेवक अत्यावश्यक आहेत हे मान्य होते. पण त्या मान्यतेचे फलित दंडाच्या कलमात झाले, विचारविनिमयात झाले नाही. दंडाचे कलम असतानाही १८९६ साली प्रशासनाला माघार घ्यावी लागली, कारण मरणाच्या भयाने पळणाऱ्या माणसास कायद्याचे भय अडवू शकत नाही. कामगारांची त्या वेळी नोंदणीकृत संघटना नव्हती. तरीही केवळ त्यांच्या जाण्याच्या शक्यतेने योजना बदलली.

३

याच काळातील दुसरे उदाहरण नारायण मेघाजी लोखंडे यांचे आहे. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. १८९० साली कामगारांना रविवारची सुटी मिळाली. त्यांच्या मिलहँड्स असोसिएशनला वर्गणी, सभासदयादी, नियम यांचे बळ नव्हते, म्हणून तिला आधुनिक अर्थाने कामगार संघ म्हणावे की नाही याविषयी मतभेद आहेत. तथापि कामगार वस्तीत त्यांच्या शब्दाला मान होता. प्लेगच्या साथीत त्यांनी रुग्णांसाठी इस्पितळ चालविण्याच्या कामास वाहून घेतले, आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा अंत झाला. त्यानंतर महिनाभराने, १० मार्च रोजी, पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनाही त्याच रोगाने मृत्यू आला.

या दोन मृत्यूंकडे केवळ त्यागाच्या कथा म्हणून पाहणे अपुरे आहे. आर्थर रोडला जाण्यास नकार देणारा माणूस ओळखीच्या लोकांनी चालविलेल्या इस्पितळात जाण्यास तयार होतो, हे त्यांतून दिसते. मार्च १८९७ मध्ये जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली व घरझडत्यांचा जोर वाढला. ९ मार्च १८९८ रोजी दंगल उसळली, आणि पाठोपाठ गोदी कामगार व गाडीवान यांनी काम बंद ठेवले. त्यानंतर प्रशासनाने सक्ती आणखी सैल केली. निरनिराळ्या जातिसमूहांच्या खाजगी इस्पितळांनाही वाव मिळाला. सहकार्याचा मार्ग सापडला. पण तो योजनेच्या आरंभी न सापडता तिच्या पराभवानंतर सापडला.

४

पुढील अर्धशतकात सेवकवर्गाला संघटनेचे कायदेशीर रूप मिळाले. १९२६ च्या कायद्याने कामगार संघांची नोंदणी सुरू झाली. १९३५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी म्युनिसिपल कामगार संघ स्थापन केला. ज्यांच्या जाण्याच्या भयाने १८९६ ची अधिसूचना बदलली, त्याच वर्गाला आता आपले नाव आणि आपला प्रतिनिधी लाभला. संपावर निर्बंध घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी झालेल्या संपाचे नेतृत्व करणाऱ्यांत आंबेडकर होते. संप करणे हा अपराध ठरविणे म्हणजे माणसास त्याच्या इच्छेविरुद्ध राबविणे होय, अशी त्यांची भूमिका होती.

रुग्णालयीन सेवकांच्या बाबतीत निर्णायक प्रसंग जे. जे. समूह रुग्णालयातील आहे. तेथील काही वॉर्ड-सेवकांना १९५४ मध्ये कमी करण्यात आले आणि त्यांच्या जागी नागरी पुरवठा खात्यातून कमी झालेले सेवक घेण्यात आले. हॉस्पिटल मजदूर सभेने दाद मागितली. रुग्णालय हा ‘उद्योग’ आहे काय, हा त्यातील मूळ प्रश्न होता. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या निर्णयपत्राद्वारे, तो होकारार्थी सोडविला. १९७० च्या सफदरजंग रुग्णालयाच्या निर्णयाने हे मत बाजूस पडले. १९७८ च्या बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात ते पुन्हा प्रस्थापित झाले. या वादाचा विषय सेवकाचे नोकरीतील स्थान हा होता. संकटाच्या आखणीतील त्याचे स्थान कोणी न्यायालयापुढे मांडले नव्हते. त्याच सुमारास, १९६८ व १९८१ च्या अत्यावश्यक सेवाविषयक केंद्रीय कायद्यांनी १८९० च्या दंडकलमाचीच परंपरा नव्या भाषेत पुढे चालविली.

सेवकाला योजनेत बसविणारे तत्त्व आले ते वेगळ्या दिशेने. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोक्याच्या प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांत आपत्कालीन योजना तयार करणे, ती कामगारांना कळविणे आणि कामगार व व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती नेमणे तिने बंधनकारक केले. हजारोंच्या मृत्यूनंतर कारखान्याला शिकविलेला हा धडा रुग्णालय, वसतिगृह व वृद्धाश्रम यांच्या उंबऱ्याशीच थांबला.

५

त्याची किंमत अलीकडच्या इतिहासात दिसते. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशु कक्षास आग लागली. १७ बालकांपैकी १० दगावली, ७ वाचली. पुढे ज्यांच्यावर कारवाई झाली, त्यांत परिचारिकाही होत्या. वैयक्तिक उत्तरदायित्व कोणाचे, हे ठरविणे इतिहासाचे काम नव्हे. मात्र एक विषमता नोंदविली पाहिजे : आगीनंतर रात्रपाळीच्या सेवकाचे नाव कागदावर सहज येते, आगीपूर्वीच्या सुरक्षेच्या आखणीत त्याला स्थान देण्याची सक्ती कोणत्याही कायद्याने केलेली नव्हती.

हीच रचना खेड्यापर्यंत पोहोचते. बुलढाणा जिल्ह्याच्या खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा हे गाव घेतले, तर २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमानुसार त्याच्यासाठीची योजना बुलढाण्यास, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणात तयार होते. ती करताना स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करावा, असे अधिनियम सांगतो. सेवकांच्या संघटनांचा उल्लेख त्या तरतुदीत नाही. योजना अंमलात आणणाऱ्या आशा स्वयंसेविका, अंगणवाडी सेविका व आरोग्य कर्मचारी मात्र संघटित आहेत. जून २०२१ मध्ये, साथ चालू असताना, राज्यातील सुमारे ७०,००० आशा स्वयंसेविकांनी संप केला. दरमहा १००० रुपयांची वाढ व ५०० रुपयांचा कोविड भत्ता मान्य झाल्यावर तो मिटला. १८९६ प्रमाणेच २०२१ मध्येही सेवकवर्गाचे म्हणणे ऐकले गेले ते काम थांबल्यावर किंवा थांबण्याच्या भीतीने.

संघटित सेवकांना आखणीत घेतल्याने सर्व आपत्ती टळतील, असा निष्कर्ष या पुराव्यांतून काढता येत नाही. संघटनांचे आग्रह नेहमीच रुग्णहिताशी जुळतात, असेही मानण्याचे कारण नाही. तथापि कोणता दरवाजा रात्री कुलूपबंद असतो, कोणत्या कक्षात एकच परिचारिका असते, कोणता रोगी स्वतः उठू शकत नाही, हे ज्ञान सेवकापाशी असते. आणि ते निर्भयपणे सांगण्याचे बळ त्याला एकट्याला क्वचितच, संघटनेमुळे मात्र अधिक लाभते. सव्वाशे वर्षांच्या या इतिहासात प्रशासनाने त्या बळाला प्रथम धोका मानले आणि नंतर त्याच्याशी तडजोड केली. त्याला ज्ञानाचे साधन मानण्याचा प्रयोग भोपाळनंतर कारखान्यांपुरता झाला. ज्या घरांत असहाय माणसे रात्री निजतात, तेथे तो अद्याप व्हावयाचा आहे.