टोकाय : जातीचे नाव की मातीचे?

३१ मार्च २००७ रोजी एका नावाची मुदत संपली. इटलीच्या ईशान्येकडील फ्रिउली प्रांतातले शेतकरी आपल्या पांढऱ्या वाइनला पिढ्यान्‌पिढ्या 'तोकाय' म्हणत आले होते. ते नाव आता बाटलीवर छापता येणार नव्हते. द्राक्षे तीच, बागा त्याच, पण नावावर दुसऱ्याचा हक्क ठरला होता. तो हक्क कोणाचा, आणि का?

टोकाय हे ईशान्य हंगेरीतील एक गाव. तेथे बोद्रोग नदी तिसा नदीला मिळते. शरद ऋतूत नद्यांवरून धुके उठते, दुपारी ऊन पडते, आणि उशिरा पिकणाऱ्या फुर्मिंट जातीच्या द्राक्षांवर बोट्रायटिस ही बुरशी धरते. एरवी बाग नासवणारी ही बुरशी येथे वरदान ठरते. मण्यांतले पाणी उडते, साखर दाटते. असे सुकलेले मणी एकेक करून वेचतात आणि त्यांपासून 'असू' ही सोनेरी गोड वाइन करतात. १७३७ मध्ये राजाज्ञेने या प्रदेशाच्या सीमा आखल्या गेल्या. वाइनच्या प्रदेशाची अशी कायदेशीर आखणी करणारे जगातले हे अगदी आरंभीचे उदाहरण आहे.

कीर्ती वाढली तसे नावही प्रवासाला निघाले. फ्रान्सच्या अल्सास प्रांतात पिनो ग्री या जातीला 'टोके' म्हणू लागले. सोळाव्या शतकात लाझारूस फॉन श्वेंडी या सेनानीने हंगेरीतून वेली आणल्या, अशी तेथील आख्यायिका. कोल्मार शहरात हाती द्राक्षवेल घेतलेला त्याचा पुतळाही आहे. प्रत्यक्षात पिनो ग्री ही बर्गंडीकडची जात. फ्रिउलीतील द्राक्षही फुर्मिंट नव्हे. जनुकीय तपासणीत ते फ्रान्सकडील सोव्हिन्योनास ठरले. या दोन्ही ठिकाणी नाव तेवढे हंगेरीचे होते.

१९९३ मध्ये युरोपीय समुदाय आणि हंगेरी यांच्यात वाइनच्या नावांबाबत करार झाला आणि या प्रांतांना नाव सोडण्यासाठी मुदत मिळाली. फ्रिउलीचा वाद युरोपीय न्यायालयात गेला. १२ मे २००५ च्या निकालाचा गाभा असा : टोकाय हे प्रदेशाचे नाव आहे, 'तोकाय फ्रिउलानो' हे केवळ द्राक्षाच्या जातीचे. नुकसानभरपाई न देण्यानेही मालमत्तेच्या हक्काचा भंग होत नाही, कारण वाइन दुसऱ्या नावाने विकता येते.

न्याय तर्कशुद्ध होता, तरी त्याची किंमत फसवणुकीचा हेतू नसलेल्या शेतकऱ्यांनी मोजली. आज ती वाइन नुसती 'फ्रिउलानो' म्हणून विकली जाते.

मात्र हेच तत्त्व हंगेरीलाही बांधून ठेवते. १९२० च्या त्रियानों तहाने या द्राक्षप्रदेशाचा एक छोटा भाग सीमेपलीकडे गेला. तो आज स्लोव्हाकियात आहे आणि तेथील शेतकरीही टोकाय हे नाव लावतात. नाव मातीचे असेल, तर ते राष्ट्राच्या सीमेवर थांबत नाही.

आपल्याकडे 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन आहे. शेनिन ब्लांक, सोव्हिन्यों ब्लांक या तेथील जाती मूळच्या फ्रान्सच्या. जपले गेले ते नाव मात्र नाशिकचे. जात कलमाबरोबर कुठेही नेता येते. बोद्रोगवरचे धुके कोणाला नेता आले नाही.