लॉबिंग म्हणजे काय? फोन, सळई आणि कापसावरची इम्पोर्ट ड्युटी कशी ठरते

१ फेब्रुवारी २०२१ ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी बजेट मांडलं. त्यात आयातीबद्दल तीन छोट्या घोषणा होत्या. मोबाईलच्या काही पार्ट्सवर शून्याऐवजी अडीच टक्के ड्युटी. लोखंडी भंगारावरची ड्युटी माफ. आणि परदेशी कापसावर आधी शून्य असलेली ड्युटी थेट दहा टक्के, सरचार्ज धरून ११ टक्के.

मी मूळचा जालन्याचा, काम सॉफ्टवेअरचं. आमच्या जिल्ह्याला या तिन्ही घोषणा लागू पडतात. फोन प्रत्येकाच्या खिशात आहे, भंगार एमआयडीसीतल्या भट्ट्यांमध्ये वितळतं आणि कापूस शेतात आहे. मग एकीकडे ड्युटी वाढते आणि दुसरीकडे माफ होते, ती कोणाच्या सांगण्यावरून? चला, नीट समजून घेऊ.

इम्पोर्ट ड्युटी कोण ठरवतं?

बाहेरून येणाऱ्या मालावर सरकार जो कर लावतं, ती इम्पोर्ट ड्युटी. १०,००० रुपयांच्या मालावर १५ टक्के मूळ ड्युटी असेल तर १,५०० रुपये झाले. इतर कर वेगळे. बाहेरचा माल महाग झाला की इथल्या कारखान्याला स्पर्धा सोपी जाते.

कस्टम्स कायदा १९६२ चा आणि टॅरिफ कायदा १९७५ चा. बजेटमधले बदल संसद मंजूर करते, पण वर्षाच्या मध्ये अर्थ मंत्रालय नुसती अधिसूचना काढूनही दर कमी-जास्त करू शकतं. म्हणून कारखानदारांच्या संघटना खासदारांकडे जातात, पण मंत्रालयाच्या पायऱ्या जास्त चढतात.

लॉबिंग म्हणजे लाच का?

नाही. आपल्याला हवा तसा नियम व्हावा म्हणून सरकारपुढे संघटितपणे बाजू मांडणं म्हणजे लॉबिंग. बजेटआधी निवेदनं देणं, मंत्र्यांना भेटणं, आकडेवारी पुढे ठेवणं हे सगळं त्यात येतं. अडचण अशी की भारतात लॉबिंगची नोंद ठेवायला लावणारा स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे कोणी कोणाला भेटून काय मागितलं, हे आपल्याला एका जागी बघायला मिळत नाही.

प्रकार जुनाच आहे. १९२४ मध्ये, इंग्रजांच्या काळात, टाटांच्या पोलाद कारखान्याला बाहेरच्या स्वस्त पोलादापासून वाचवायला कायदेमंडळाने खास कायदा केला होता.

फोनचं उदाहरण

जुलै २०१७ मध्ये बाहेरून येणाऱ्या तयार फोनवर १० टक्के ड्युटी लागली. डिसेंबरमध्ये ती १५ झाली आणि २०१८ च्या बजेटमध्ये २० टक्के. हेतू सरळ होता : फोन इथे जोडा. आणि फोन इथे जोडले जाऊ लागलेही.

पण जोडायला पार्ट्स लागतात आणि त्यातले बरेच बाहेरून येतात. म्हणून फोन कंपन्यांची संघटना आयसीईए पार्ट्सवरची ड्युटी कमी करा, असं मागत राहिली. जानेवारी २०२४ च्या शेवटी बऱ्याच पार्ट्सवरची ड्युटी १५ वरून १० टक्के झाली. जुलै २०२४ च्या बजेटमध्ये तयार फोन आणि चार्जरवरचीही २० वरून १५ टक्के झाली. अर्थमंत्र्यांनी कारण दिलं की उद्योग आता परिपक्व झाला आहे आणि ग्राहकाचं हित बघायचं आहे.

जालन्याची सळई

जालन्यात बांधकामाची सळई बनते, मुख्यतः भंगार वितळवून. यातलं काही भंगार जहाजाने परदेशातून येतं. या उद्योगाचा फायदा भंगारावर ड्युटी नसण्यात आहे. २०२१ ची माफी २०२२ च्या बजेटमध्ये वाढवली तेव्हा सरकारने कारणही तेच दिलं : भंगारापासून पोलाद बनवणाऱ्या लहान-मध्यम कारखान्यांना दिलासा.

मोठ्या पोलाद कंपन्यांचं गणित वेगळं आहे. त्यांची भीती बाहेरून येणाऱ्या स्वस्त पत्र्याची आणि कॉइलची. इंडियन स्टील असोसिएशनच्या अर्जावरून डिसेंबर २०२४ मध्ये डीजीटीआरने चौकशी सुरू केली. डीजीटीआर म्हणजे वाणिज्य मंत्रालयाचं व्यापार उपाय महासंचालनालय. आयात अचानक वाढून देशी उद्योगाचं नुकसान होतंय का, हे ते तपासतं. २१ एप्रिल २०२५ पासून २०० दिवसांसाठी १२ टक्के तात्पुरती सेफगार्ड ड्युटी लागली. ऑगस्टमध्ये डीजीटीआरने तीन वर्षांसाठी १२, ११.५ आणि ११ टक्के असा उतरता दर सुचवला.

पण हाच पत्रा विकत घेऊन त्याच्या वस्तू बनवणाऱ्या वर्कशॉपसाठी ही दरवाढ आहे. इंजिनिअरिंग निर्यातदारांची संघटना ईईपीसी याबद्दल नाराज होती ती त्यामुळेच.

आम्ही कोड लिहिणारे म्हणतो तसं, एकाचं आउटपुट हे दुसऱ्याचं इनपुट असतं. प्रत्येक संघटना आउटपुटवर ड्युटी मागते आणि इनपुटवर माफी. दोघंही 'देशी उद्योग वाचवा' म्हणतात आणि दोघंही खोटं बोलत नसतात.

कापूस : ज्याचं आउटपुट आहे, त्याची संघटना कुठे?

२०२१ ची कापसावरची ड्युटी शेतकऱ्याच्या नावाने लागली होती. सूतगिरण्या आणि कापड कंपन्यांसाठी मात्र कापूस हे इनपुट. सीआयटीआय ही त्यांची संघटना ड्युटी काढा, असं सतत मागत होती. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला, कापड निर्यात अडचणीत आली आणि सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरची ड्युटी माफ केली. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत.

मराठवाड्यात दसरा-दिवाळीच्या आसपास कापूस वेचणीला येतो. म्हणजे आपला कापूस बाजारात येत होता, नेमक्या त्याच महिन्यांत बाहेरचा कापूस बिनड्युटी येऊ शकत होता. शेतकरी संघटनांनी विरोध केला, पण मुदत वाढलीच. गिरण्यांकडे दिल्लीत ऑफिस आहे, आकडे मांडणारी माणसं आहेत. भोकरदन किंवा घनसावंगीच्या शेतकऱ्याकडे वेचणी सोडून दिल्लीला जायला वेळ नाही. माझ्या मते ड्युटी किती टक्के असावी यापेक्षा ही दरी मोठी आहे.

पुढच्या वेळी बातमी आली की काय बघाल?

'परदेशी मालावर टॅक्स, देशी उद्योगाला बळ' असं फॉरवर्ड आलं की चार गोष्टी तपासा :

• ड्युटी तयार मालावर आहे की कच्च्या मालावर?
• मागणी कोणत्या संघटनेची होती आणि तिचे सदस्य कोण?
• तोच माल विकत घेणारा कोण आहे, आणि त्याचं म्हणणं बातमीत आहे का?
• ड्युटीला मुदत आहे का? मुदत नसलेलं संरक्षण सहसा सवय बनतं.

डीजीटीआरच्या चौकशीची नोटीस त्यांच्या वेबसाइटवर येते. माल वापरणारे उद्योग आणि त्यांच्या संघटना ठरलेल्या मुदतीत नाव नोंदवून आपलं म्हणणं मांडू शकतात. बजेटआधी सरकार लोकांकडूनही सूचना मागवतं, त्या मायगव्ह पोर्टलवर फोनवरून पाठवता येतात. घरी कापूस असेल किंवा घरच्यांचं वर्कशॉप असेल, तर ही दोन पानं बुकमार्क करून ठेवा.