गाडगीळ अहवालाचे प्रकटीकरण

सह्याद्रीच्या पर्यावरणाविषयी परिस्थितिकीशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने ३१ ऑगस्ट २०११ रोजी केंद्र सरकारला सादर केलेला अहवाल 'गाडगीळ अहवाल' या नावाने ओळखला जातो. तो जवळजवळ नऊ महिने अप्रकाशित राहिला आणि माहितीच्या अधिकारामुळे २३ मे २०१२ रोजी जनतेला खुला झाला.

ही समिती केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने मार्च २०१० मध्ये नेमली. संपूर्ण घाटाचे सुमारे ९ किमी लांबी-रुंदीचे चौकोन पाडून तिने संवेदनशीलतेचे तीन स्तर ठरविले. हे स्तर अंतिम न मानता ग्रामसभांनी त्यांवर विचार करावा, अशी तिची भूमिका होती. साहजिकच, अहवाल दडवून ठेवणे म्हणजे त्याचा गाभाच काढून घेणे होते.

अशा स्तरांचा अर्थ डहाणू तालुक्यास पूर्वीपासून परिचित आहे. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि त्याभोवती २५ किमीचा पट्टाही राखण्यात आला. सायवनसारख्या गावात कोणता उद्योग येऊ शकेल, हे अशा कागदावर ठरते. मग तो कागद कोणत्या आधारावर बेतला, हे गावकऱ्यास कळावयास नको काय?

केरळमधील एका नागरिकाने अहवालाची प्रत मागितली असता मंत्रालयाने ती नाकारली. धोरण अद्याप ठरावयाचे आहे आणि प्रकटीकरणामुळे राज्याच्या वैज्ञानिक व आर्थिक हितास बाधा येईल, असा त्याचा युक्तिवाद होता. केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी एप्रिल २०१२ मध्ये अहवाल खुला करण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले. धोरण ठरून गेल्यावर मिळालेल्या माहितीचा नागरिकास उपयोग काय, हा खरा प्रश्न होता. १७ मे रोजी न्यायालयाने मंत्रालयाची याचिका फेटाळली. सहा दिवसांनी अहवाल संकेतस्थळावर आला, मात्र तो सरकारने स्वीकारलेला नाही, अशी टीप जोडूनच.

पुढे ऑगस्ट २०१२ मध्ये कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट नेमला गेला. त्याने एप्रिल २०१३ मध्ये घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरविण्याची शिफारस केली. या शिफारशींवर आधारित अधिसूचनेचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्या दिवशी केरळच्या वायनाड जिल्ह्यात भीषण भूस्खलन झाले होते. मसुद्यावर हरकती नोंदविण्यासाठी ६० दिवसांची मुदत देण्यात आली.