ड्रॅक्युला शंभर वर्षं झाली तरी मरत का नाही?

माझ्या मामाने ‘पुराना मंदिर’ पाहिला तो गणपतीच्या मांडवात. घनसावंगी तालुक्यातलं गाव, भाड्याने आणलेला व्हीसीआर, कलर टीव्ही, आणि समोर पोत्यांवर बसलेलं अर्धं गाव. पिक्चर संपला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि घर होतं मळ्यात. मामा सांगतो, त्या वाटेवर चौघं मित्र मोठमोठ्याने भीमरूपी म्हणत, एकमेकांचे शर्ट धरून चालले होते.

गंमत अशी की मारुतीचं ते स्तोत्र लिहिणारे समर्थ रामदास जन्मले (1608) ते याच तालुक्यातल्या जांब गावी. म्हणजे भीती मुंबईहून कॅसेटमधून आली आणि तिच्यावरचा उतारा मात्र शेजारच्या गावचा होता.

दुसऱ्या दिवशी मामाने काय केलं? संध्याकाळी पुन्हा मांडवात जाऊन बसला.

ही ‘पुन्हा जाऊन बसण्याची’ भानगड काय आहे, तेच आज समजून घेऊ. आणि त्यासाठी सगळ्यात चिवट भूत घेऊ, रक्त पिणारं. 2024 च्या शेवटी ‘नोस्फेरातू’ नव्याने आला, 2025 मध्ये ‘सिनर्स’ आला, त्याच दिवाळीत आपल्याकडे ‘थामा’ आला. म्हणजे विषय अजून संपलेला नाही.

सुरुवात कुठून झाली?

ब्रॅम स्टोकर हा आयरिश माणूस लंडनच्या लायसियम थिएटरचा व्यवस्थापक होता. ट्रान्सिल्व्हेनियात तो कधीच गेला नव्हता. पुस्तकं, नकाशे, कात्रणं जमवून त्याने ‘ड्रॅक्युला’ कादंबरी लिहिली आणि ती 26 मे 1897 रोजी बाजारात आली.

ही तारीख जरा लक्षात ठेवा. त्यानंतर महिनाभराच्या आतच, 22 जून 1897 ला पुण्यात चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. कारण काय होतं? प्लेगच्या नावाखाली घराघरांत घुसणारे गोरे सोल्जर. रोग बोटीतून येतो, उंदरांसोबत येतो, रात्रीतून घरं रिकामी करतो, ही भीती त्या वर्षी मुंबई-पुण्यात कादंबरीतली नव्हती, रोजची होती. स्टोकरने पुण्याचा विचार केला असेल असं मी म्हणत नाही. पण परक्या देशातून जहाजाने येणारा मृत्यू ही त्याच्या गोष्टीची कल्पना त्या काळच्या वाचकाला का झोंबली असेल, ते यातून कळतं.

व्हँपायरच्या समजुतीचं मूळही रोगराईतच सापडतं. 1725 ते 1732 या काळात सर्बियाच्या खेड्यांत लागोपाठ माणसं दगावू लागली, तेव्हा लोकांनी आधी मेलेल्यांची थडगी उकरली. प्रेत फुगलेलं, तोंडाशी रक्त. प्रेत कुजताना वायू साठून असं होतं, हे आज कुठलाही फॉरेन्सिकचा विद्यार्थी सांगेल. तेव्हा मात्र निष्कर्ष निघाला की हा रात्री उठून रक्त पितो. 1892 मध्ये अमेरिकेच्या ऱ्होड आयलंडमध्ये क्षयाने गेलेल्या मर्सी ब्राऊन या तरुणीचं प्रेत असंच बाहेर काढलं गेलं. अशा घटनांच्या बातमीचं कात्रण स्टोकरच्या कागदपत्रांत मिळालं आहे.

उन्हात मरणारा ड्रॅक्युला पुस्तकात नाहीच

व्हँपायरला ऊन लागलं की खेळ खल्लास, हे आपल्याला पाठ आहे. पण कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही लंडनमध्ये फिरतो. फक्त त्याची ताकद तेव्हा कमी असते. उन्हाने मरण्याचा नियम आणला तो जर्मन दिग्दर्शक मुर्नाव याच्या ‘नोस्फेरातू’ या 1922 च्या मूकपटाने.

हा सिनेमा म्हणजे सरळ चोरी होती. हक्क घेतले नव्हते. ड्रॅक्युलाचं नाव काऊंट ऑर्लोक केलं, लंडनच्या जागी जर्मन गाव टाकलं, झालं. स्टोकरची विधवा फ्लॉरेन्स कोर्टात गेली आणि 1925 मध्ये कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. निर्माती कंपनी तोवर बुडालेली होती. पण काही प्रती परदेशात गेल्या होत्या, त्या वाचल्या. ज्या सिनेमाला कायद्याने जाळायला सांगितलं होतं, तो आज यूट्यूबवर फुकट आहे. पायरसीचं समर्थन करायचं नाही, पण हा हिशोब जरा विचित्रच आहे.

मॅक्स श्रेकचा ऑर्लोक देखणा वगैरे अजिबात नाही. टकलू, उंदरासारखे पुढचे दात, लांब नखं. तो येतो आणि मागून उंदीर आणि प्लेग येतो. जिन्यावरून चढणारी त्याची फक्त सावली दिसते, तो शॉट तुम्ही सिनेमा न पाहताही पाहिलेला असणार. इतक्यांनी तो उचलला आहे.

मग तो कोट-केपवाला कोण?

तो बेला लुगोसी. हंगेरियन नट, आधी न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर ड्रॅक्युला करायचा. युनिव्हर्सल कंपनीचा ‘ड्रॅक्युला’ फेब्रुवारी 1931 मध्ये लागला. पुढच्याच महिन्यात, 14 मार्चला, मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. म्हणजे ड्रॅक्युला आणि हिंदी सिनेमा एकाच वेळी बोलायला शिकले.

मागे उभी असलेली ती मोठी कॉलर नाटकातून आली. नट प्रेक्षकांकडे पाठ करायचा, कॉलरमुळे डोकं झाकलं जायचं आणि तो खालच्या चोरदरवाजातून सटकायचा. प्रेक्षकाला वाटायचं, गायब झाला! सोय म्हणून शिवलेली वस्तू नंतर ओळख बनली. आणि हो, लुगोसीला या सिनेमात सुळे नाहीत. हवं तर परत पाहा.

याच सेटवर रात्रपाळीला दुसरी टीम स्पॅनिश ‘ड्रॅक्युला’ शूट करत होती. तेव्हा डबिंग रुळलं नव्हतं. कॅमेऱ्याच्या हालचाली बघितल्या तर मला स्पॅनिशच जास्त आवडतो, पण त्यात लुगोसी नाही आणि तिथेच तो हरतो. लुगोसी मात्र या भूमिकेतून कधीच सुटला नाही. 1956 मध्ये गेला तेव्हा घरच्यांनी त्याला केप घालूनच पुरलं.

सुळे आणि लालभडक रक्त दाखवलं ते ब्रिटनच्या हॅमर कंपनीने, 1958 मध्ये, रंगीत. ख्रिस्तोफर ली साडेसहा फुटांच्या आसपास उंच, बोलतो कमी, नुसता दारात उभा राहिला तरी पुरे. हॅमरसाठी तो सात वेळा ड्रॅक्युला झाला. दर वेळी मारायचं आणि दर वेळी उठवायचं. 1958 ला उन्हात राख झाली. 1966 ला त्या राखेवर रक्त ओतून परत आणला आणि बर्फाखालच्या पाण्यात बुडवला. त्या अख्ख्या सिनेमात ली एक शब्दही बोलत नाही. हाच ली पुढे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये सारुमान झाला, आणि त्याआधी 1998 मध्ये पडद्यावर चक्क मोहम्मद अली जिनासुद्धा.

आपल्याकडे रक्त पिणारं भूत होतं का?

इथे खरा पेच आहे. मराठी भुतांची यादी काढा: हडळ, मुंजा, समंध, खवीस, जखीण, गिऱ्हा, चकवा. ही मंडळी करतात काय? लागतात, झपाटतात, वाट चुकवतात, अंगात येतात. मानेला चावून रक्त पिणं हे यांचं काम नाही. व्हँपायर बाहेरून हल्ला करतो आणि आपलं भूत आत शिरतं.

वेताळाचं काय? 1870 मध्ये रिचर्ड बर्टनने विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या आणि शीर्षकात वेताळाचा केला व्हँपायर. स्टोकर बर्टनला ओळखायचा आणि बर्टनच्या सुळ्यांबद्दल त्याने आपल्या आठवणींत लिहूनही ठेवलंय. पण वेताळ प्रेतात शिरतो, झाडाला उलटा लटकतो आणि कोडी घालतो. सिंधुदुर्गातल्या आरवलीत तर वेतोबा हा गावाचा राखणदार आहे, रात्री गावभर फिरतो अशी श्रद्धा आहे, म्हणून लोक त्याला चामड्याच्या मोठ्या चपला वाहतात आणि केळी. अशा देवाला व्हँपायर म्हणणं म्हणजे भाषांतराची चूकच.

वटवाघळांचीही तीच बदनामी. रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या फक्त तीन जाती आहेत आणि त्या सगळ्या मध्य आणि दक्षिण अमेरिकेत. आपल्याकडच्या पडक्या वाड्यांत, लेण्यांत राहणाऱ्या एका जातीला इंग्रजीत ‘खोटा व्हँपायर’ म्हणतात. ते किडे, बेडूक, पाली खातं.

रामसेंनी काय केलं?

कराचीहून फाळणीनंतर मुंबईला आलेलं सिंधी कुटुंब, सात भाऊ. कोणी दिग्दर्शन, कोणी कॅमेरा, कोणी साऊंड. 1972 च्या ‘दो गज जमीन के नीचे’साठी अख्खं कुटुंब बसमध्ये बसून महाबळेश्वरला गेलं आणि गेस्ट हाऊसमध्ये राहून शूटिंग उरकलं. पुढे मुरूडच्या नवाबाचा राजवाडाही यांच्या कॅमेऱ्यात आला. म्हणजे हिंदी हॉररची बरीचशी ‘ट्रान्सिल्व्हेनिया’ साताऱ्यात आणि रायगडात आहे.

1984 चा ‘पुराना मंदिर’ तुफान चालला, विशेषतः छोट्या शहरांत. त्यातला सामरी म्हणजे अनिरुद्ध अग्रवाल, रुरकीत शिकलेला सिव्हिल इंजिनिअर. 1990 च्या ‘बंद दरवाजा’त तोच नेवला झाला. हा आपला अस्सल व्हँपायर: शवपेटीत झोपतो, वटवाघूळ होतो, रक्त पितो. पण गोष्ट बघा. ठकुराइनला मूल नाही, म्हणून ती काळ्या पहाडीवर जाते. अट अशी की मुलगी झाली तर ती नेवल्याला द्यायची. युरोपचा काऊंट इथे येऊन नवस आणि वंशाच्या दिव्याच्या गोष्टीत शिरला. ‘पुराना मंदिर’मध्ये क्रूसाच्या जागी त्रिशूळ आला. रामसेंना कोणी फार भाव दिला नाही, पण हे रूपांतर भल्याभल्यांना जमलेलं नाही.

मराठी सिनेमात गाजलेला व्हँपायर नाही. आपल्याकडे भूत आलं की ‘झपाटलेला’ (1993) होतो आणि आपण हसतो. रक्तपिपासू मराठीत आला तो पुस्तकातून: नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वरून ‘लुचाई’ लिहिली. आणि आता ‘थामा’ केला तो ‘झोंबिवली’, ‘मुंज्या’वाल्या आदित्य सरपोतदारने. घराणं मूकपटांच्या काळापासून सिनेमात. त्याने रक्तपिपासूंना ‘बेताल’ म्हटलं, म्हणजे बर्टनची चूक फिरून घरी आली. ‘थामा’चा नायक पत्रकार आहे हे पाहून आमच्या ऑफिसात बरेच मीम फिरले.

पण लोक परत परत का बघतात?

माझ्या मते एक कारण नियमांचं आहे. व्हँपायर बोलावल्याशिवाय घरात येऊ शकत नाही. आपल्याकडेही म्हणतात, रात्री एकच हाक आली तर ओ देऊ नये. नियम माहीत असले की भीतीचा खेळ होतो, आणि नायक दार उघडतो तेव्हा आपण खुर्चीतून ओरडतो, अरे नको!

दुसरं, रक्त पिणं आपल्याला उपमा म्हणून आधीच माहीत आहे. कापूस विकून देणी न फिटलेल्या माणसाला सावकार ‘रक्त शोषतो’ हे समजावून सांगावं लागत नाही. मार्क्सनेही भांडवलाला व्हँपायरचीच उपमा दिली होती. म्हणून व्हँपायर नेहमी वाड्यात राहतो, झोपडीत नाही. रामसेंच्या सिनेमातही शाप ठाकूरच्या घराण्याला असतो.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ड्रॅक्युलाची भीती बिनधोक आहे. जालन्यात कोणी शेजारणीला ‘तू व्हँपायर आहेस’ म्हणून मारहाण करत नाही. ‘करणी केली’ म्हणून मात्र माणसं वाळीत पडतात, मार खातात. मराठवाड्यात भानामतीच्या नावाने बायकांना काय भोगावं लागलं, हे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन पाहिलं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला खून झाला, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. एखाद्यावर करणी केल्याचा आळ घेऊन त्याचा छळ करणं त्यात गुन्हा आहे. आपल्या भुतांवर सिनेमा बघताना मनात कुठेतरी ‘असेलही’ असतं. लुगोसी बघताना ते नसतं, म्हणून मनसोक्त घाबरता येतं. हॉररचे चाहते अंधश्रद्धाळू असतात हा आरोप मला म्हणूनच पटत नाही. मामा आज भूत मानत नाही, पण ‘पुराना मंदिर’ टीव्हीवर लागला की चॅनेल बदलू देत नाही.

सुरुवात कुठून करू?

‘नोस्फेरातू’ (1922) आधी, दीड तासाचा आहे, रात्री, हेडफोन लावून. संगीत नकोसं वाटलं तर बंद करा, तसाही मूकपट आहे. मग 1958 चा हॅमरवाला. लुगोसी त्यानंतर, कारण तो संथ आहे आणि आधी पाहिला तर पोरं मोबाईल काढतात. शेजारी डोकवायचं असेल तर लाहोरचा 1967 चा ‘जिंदा लाश’ आहे, उर्दू ड्रॅक्युला, गाण्यांसकट. ‘बंद दरवाजा’ मात्र एकट्याने बघू नका. भीतीमुळे नाही हो, मधली कॉमेडी एकट्याने सहन होत नाही.